लाखात चार

मिरजेत गाल भरून घ्यायला दोन तऱ्हेच्या बाया येत. पहिल्या तऱ्हेच्या बाया आधी वाळायची सुई घेत, सहा महिन्यांत पंधरा-वीस किलो उतरवत, आणि मग आरशात बघत तर पोटाबरोबर तोंडही उतरलेलं. मग त्या भरायची सुई घ्यायला येत. एका सुईनं वाळायचं, दुसरीनं फुगायचं. त्यांच्या जिवावर दवाखान्यांच्या रस्त्याला दर चौथी पाटी 'तुमचीच चरबी, तुमचाच चेहरा' म्हणून झळकत होती. दुसऱ्या तऱ्हेच्या बायांना आजारानं खाल्लेलं असे. त्या कमी येत, आणि आल्या तर गालावर पदर ओढून येत.

तासगावची कांचन झांबरे दुसऱ्या तऱ्हेची. वय एक्कावन्न. बेदाण्याच्या शेडमध्ये निवडीवर मुकादम. चार वर्षांपूर्वी तिचा डावा गाल आतून कुणी चमच्यानं कोरून न्यावा तसा बसत गेला. दुखणं नाही, खुपणं नाही. चघळायला, बोलायला काही अडत नव्हतं. फक्त उजवा गाल एक्कावन्नचा राहिला आणि डावा सत्तरीला पोचला. शेडच्या फाटकावरचा हजेरीचा कॅमेरा तिला रोज तीनदा मान वळवायला लावी, तरी म्हणे, ओळख पटत नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर रोज सकाळी वॉचमननं येऊन "हां, ह्या आमच्याच" म्हणायचं. नवरा अजित जेवताना कधीपासून तिच्या उजव्या अंगाला पाट ओढायला लागला, हे तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

डॉक्टर सलमा मुजावर ह्यांनी आठ दिवसांपूर्वी तिच्या ओटीपोटातली वाटीभर चरबी काढून घेतली होती. आज ती गालात जायची होती. पण कांचनला आणि अजितला त्यांनी आधी आपल्या खोलीत बसवलं.

"पूर्वी चरबी धुवायची आणि तशीच टोचायची," डॉक्टर सांगत होत्या. "त्यातली निम्मी गालात मरून जायची. म्हणून आता आम्ही तिच्यातल्या बियाण्याच्या पेशी निवडून घेतो. त्या जिथं पडतील तिथं मूळ धरतात, नवी चरबी तयार करतात, रक्ताच्या बारीक वाटा ओढून आणतात. निवडायचं काम मशीन करतं. पेशींची इतकी बारीक धार सोडायची की एकामागं एकच पेशी जाईल. प्रत्येकीवर प्रकाश पडतो, कुठली कशी चमकली ते मशीन बघतं. हवी ती इकडं, नको ती तिकडं."

"म्हणजे आमचं सॉर्टिंगच की," कांचन म्हणाली. "पट्ट्यावरनं बेदाणा येतो, वर कॅमेरा. हिरवा पुढं जातो, काळा दिसला की हवेचा फटका बसून खाली. काडी खाली, खडा खाली."

"तसंच. आमच्यात हवेऐवजी विजेनं ढकलतात."

"मग काळा किती निघाला माझ्यात?"

तिनं चेष्टेनं विचारलं होतं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"तेच बोलायचं होतं. कांचनताई, तुम्हाला मुलं किती?"

"दोन. दोन्ही पोरगेच."

"आणि मुलगी?"

अजितची खुर्ची करकरली. कांचन डॉक्टरांकडं बघत राहिली.

"घाबरू नका. हे प्रत्येक आईत असतं," डॉक्टर म्हणाल्या. "मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी नाळेतून आईच्या रक्तात येतात. त्यातल्या काही हाडाच्या मगजात, काळजात, चरबीत घर करतात आणि तीस-चाळीस वर्षं टिकतात. बाळंतपणात मूल बाहेर येतं, पण सगळं येत नाही. आजवर ह्या इतक्या थोड्या असायच्या की कुणाच्या लक्षात येत नव्हत्या. हे नवं मशीन एकेक पेशी वाचतं. तुमच्यात एका मुलाची लाखात एक आहे, दुसऱ्याची लाखात एक. आणि ह्या मुलीच्या लाखात चार." त्या थांबल्या. "गंमत अशी, की ती तुमची नाही. म्हणजे तुमचा अंशही नाही तिच्यात. पण तुमच्या मुलांशी ती जुळते. आतेबहीण जुळावी इतपत."

"मशीन चुकलं असंल," अजित घाईनं म्हणाला.

"मशीन चुकत न्हाई," कांचन म्हणाली. "माझी हयात मशीनवर गेलीया."

मशीन चुकलं नव्हतंच. बावीस वर्षांपूर्वी अजितची थोरली बहीण भारती, सांगलीत शाळेवर बाई, गर्भाशय काढून टाकायची वेळ आलेली. बीज तिचं होतं, नवऱ्याचं होतं, वाढवायला पोट नव्हतं. पैसे घेऊन पोट देण्यावर तेव्हा बंदी आली होती. मायेपोटी दिलं तर चालत होतं. वा रे कायदा! पैसे घेणारी बाई एक वेळ नको म्हणू शकते. घरच्या सुनेला मायेपोटी नको म्हणता येतं का? सासू म्हणाली, घरातली गोष्ट घरात. अजित म्हणाला, अक्काचं आपल्यावर लई उपकार आहेत. कांचनला कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त हो म्हणेपर्यंत विचारत राहिले.

सात महिने तिला मिरजेत एका खोलीत ठेवलं. तासगावात सांगितलं, कंपनीच्या ट्रेनिंगला गेली. इकडं भारती पोटाला कापड बांधून शाळेत जात होती. डोहाळजेवण भारतीचं झालं. फुलांचे दागिने घालून ती झोपाळ्यावर बसली, त्याचे फोटो निघाले. डोहाळे कांचनला लागले होते. चिंच मागितली तर खोलीवरची बाई म्हणाली, बाजार गुरुवारी. मुलगी झाली. खाटेवर भारती निजली, शेकशेगडी भारतीला, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर भारतीला. जिचं रक्त गेलं ती पोट आवळून बांधून पंधराव्या दिवशी शेडवर उभी राहिली. बारशाला तिला बोलावणं होतं, मामी म्हणून. पाळण्याखालून-वरून बाळ फिरवताना ते एकदा तिच्या हातात आलं. तेवढ्यानं तिचं झंपर भिजलं. ती हातातलं बाळ पलीकडच्या बाईला देऊन, पदर पुढं ओढून, मोरीत जाऊन उभी राहिली.

मुलीचं नाव ईरा. सगळ्या जगाची पोरं सुट्टीला मामाच्या गावाला जातात. तासगाव-सांगली पाऊण तास. ईराला एकदाही मुक्कामाला पाठवलं नाही. कधी पोहण्याचा क्लास, कधी कांजिण्यांची साथ. दिवाळीत दोन तास, तेही भारती शेजारी बसून. कांचननं बावीस वर्षांत तोंडातून शब्द काढला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

"आता पुढचं ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्या माणसाची ओळख असलेल्या पेशी मुद्दाम कुणाच्या अंगात टोचायच्या तर त्या माणसाची लेखी संमती लागते. तीन वर्षं झाली कायद्याला. तुमच्या मुलांच्या सह्या फोनवर येतील. मुलीचीही आली तर चरबी आहे तशी वापरता येईल. नाही आली तर तिच्या पेशी गाळून, जाळून टाकाव्या लागतील."

"गाळलेल्या बऱ्या का ठेवलेल्या?"

"खरं सांगू? माहीत नाही. तुमच्या बसलेल्या गालाचा तुकडा आम्ही तपासला होता. तिथं तिच्या पेशी फार आहेत. शंभरात एक. काही डॉक्टर म्हणतात, शरीर ह्यांना परकं समजून मारायला धावतं, त्या मारामारीत गाल जातो. काही म्हणतात, गाल दुसऱ्याच कशानं चालला होता, ह्या तो दुरुस्त करायला तिथं जमल्या."

"आग लागली तिथं बंब दिसला, म्हणून बंबानंच आग लावली असं झालं की," कांचन म्हणाली.

"किंवा त्या बंबात रॉकेलही असेल," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून गाळलेलं सुरक्षित. पण गाल तुमचा. महिनाभर चरबी गोठवून ठेवू शकते. विचार करा."

परतीच्या वाटेवर अजित गाडी चालवताना एकसारखा घसा खाकरत होता. कवलापूर गेल्यावर बोलला.

"गाळून टाकूया. त्यात काय एवढं? लाखात चार."

"तुमच्या पोरांच्या लाखात एक हायेत. त्या पण गाळू?"

"ती आपली पोरं हायेत."

"आणि ही?"

"कांचन, ठरलंय ते ठरलंय. अक्काला काय वाटंल?"

"अक्काला काय वाटंल ह्याच्यावर माझं बाळंतपण गेलं. दूध गेलं. आता अंगातलं पण अक्काला विचारून ठेवायचं का?"

अजितनं गाडीचा वेग वाढवला. संध्याकाळी थोरल्या विराजचा नाशिकहून फोन आला. त्याला संमतीचा कागद पोचला होता.

"आई, मी अजून तुझ्या पोटातच आहे म्हणे?"

"पोटात न्हाई, चरबीत."

"माझ्या ठेव गं. धाकट्याच्या काढून टाक, त्यानं तुला लई पिडलंय."

ती हसली. दोन्ही सह्या दहा मिनिटांत आल्या. इतकं सोपं होतं ते. आपल्या मुलानं आपल्या अंगात राहायला हो म्हणायचं, ह्यात अवघड असतं काय? फोन खाली ठेवून ती कितीतरी वेळ अंधारल्या स्वयंपाकघरात बसून राहिली. लाखात चार. एका क्रेटमध्ये साधारण किती बेदाणे असतात ह्याचा तिला हातानं अंदाज होता. तेवढ्या ढिगात चार दाणे. चार दाण्यांसाठी तिनं कधी पट्टा थांबवला नव्हता.

रविवारी ती एकटीच सांगलीला गेली. भारती आता मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, विश्रामबागेत बंगला, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. कांचननं दारातच सगळं सांगितलं. बसून सांगितलं असतं तर चहा मध्ये आला असता.

"आपलं ठरलं होतं, कांचन," भारती म्हणाली. आवाज अगदी शाळेतला.

"मी मोडलं का वन्सं? बावीस वर्षं?"

"मग आता का मोडतेस? गालासाठी?"

"गाल गाळूनबी भरतोय. गालाचं काय न्हाई."

"मग काय आहे?"

कांचनला ते सांगता येईना. ती फरशीकडं बघत म्हणाली, "जाळणार म्हणाल्या डॉक्टर. तिचं हाय, आणि मी स्वतः जाऊन जाळा म्हणायचं. मला ते हुईना."

भारतीनं दार लोटून घेतलं, तिला आत आणून बसवलं. मग तिनं विचारलं, "किती आहेत म्हणालीस?"

"लाखात चार."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात कशा असतील, वन्सं?"

भारतीचा चेहरा असा उतरला, की कांचनला वाटलं हिचेही गाल आता बसतात की काय. मूल हिच्या बिजाचं, नाक हिचं, हसणं हिचं. तापात रात्री हिनं काढल्या, शाळेत बोट धरून हिनं नेलं. आणि अंगात एक कण नाही. कापडाच्या पोटातून कण कुठला यायला?

"एक विचारू?" भारती म्हणाली. "तुझ्यातून गाळून जाळणारच असतील... तर मला टोचता येतील का त्या?"

कांचन मोठ्यानं हसली. एकाच गालाचं हसू होतं ते, बघवत नव्हतं.

"वन्सं, माझ्यातनं काढून तुम्हाला द्यायचं, ह्याची तुम्हाला सवयच लागली की ओ!"

भारती रडायला लागली. एवढी ताठ बाई, पदरात तोंड खुपसून, लहान पोरीसारखी. कांचन उठली, पुन्हा बसली. ह्या बाईचा राग तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आता काढायला जावं तर तो हाताला लागत नव्हता.

"ह्यालाबी तिचीच सही लागंल," शेवटी कांचन म्हणाली. "कुणाच्याबी अंगात घालायचं तर लागती."

"मग सांगूया तिला," भारती डोळे पुसत म्हणाली. "दोघी मिळून."

बावीस वर्षं जी गोष्ट मायेपोटी लपवली ती लोभापायी एका मिनिटात उघड करायची ठरली. भारतीचा लोभ, कांचनचाही.

ईरा शिरवळला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या शनिवारी घरी सांगलीला आली, तेव्हा कांचनही राहायच्या तयारीनं तिथं आलेली. जमिनीवर मांडी घालून भडंगाची वाटी घेऊन बसली आणि म्हणाली, "काय गं मामी, आज मुक्कामाची पिशवी? आईनं परवानगी दिली?"

भारतीनं सुरुवात केली, कांचननं क्रेटमधल्या चार दाण्यांपर्यंत आणून पुरी केली. ईरानं मधे एकदाही टोकलं नाही. संपल्यावर तिनं वाटी बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारले, ते गोठ्यात उभं राहून विचारावेत तसे.

"गर्भ कितव्या दिवसाचा ठेवला होता?"

"पाचव्या," भारती म्हणाली.

"बाळंतपण साधं की सिझर?"

"साधं," कांचन म्हणाली. "सोळा तास लागले."

"मी बाहेरच होते गं," भारती म्हणाली.

"बाहेरच होतीस," ईरा म्हणाली. "आमच्याकडं भारी गाईचा गर्भ साध्या गाईच्या पोटात वाढवतात. रोज बघते मी. त्या साध्या गाईच्या कानात बिल्ला असतो. तिच्या नावचं कार्ड असतं. वासराच्या कागदावर तिचा नंबर घालावाच लागतो, नाहीतर आम्हाला मेमो मिळतो. मामीला तेवढंही दिलं नाहीस, आई?"

कांचननं मान वर केली. क्षणभर तिला वाटलं, पोरगी आता इकडं वळणार. ईरा वळलीच.

"आणि मामी, तू. तू गाय नव्हतीस. तुला तोंड होतं."

भारतीनं भडंगाची वाटी उगाचच उचलून परत खाली ठेवली.

"आज का सांगताय मला?" ईरा विचारत होती. "माझा वाढदिवस आहे? दोघींना अचानक माझी आठवण आली? सही पाहिजे म्हणून सांगताय. कायद्यानं सही मागितली नसती तर दोघी मेल्या असतात तरी मला कळलं नसतं. मी कोण ते माझं मलाच अजून ठरवायचंय, आणि तुमच्या वाटण्या सुरू झाल्या. चार दाणे तुला, चार दाणे तिला."

"ईरा, अगं..."

"सही करणार नाही. कुणालाच."

तिनं बॅग उचलली. दारात ती वळली, आणि कांचनच्या बसलेल्या गालाकडं बघितलं. जनावराची जखम बघताना डॉक्टर बघतो तसं बघितलं, नीट, न लाजता. आजवर त्या गालाकडं कुणी असं बघितलं नव्हतं. मग गेली.

महिना संपायच्या आत कांचननं गाळलेल्या चरबीला होकार दिला. दुसरं हातात काही नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी तिनं मशीनवरच्या मुलीला विनवलं, "टाकाऊ निघालंय ते दाखव मला." शेडवर मुकादमाची रीत असते, टाकाऊ क्रेट बाहेर जायच्या आधी त्याच्यात एकदा हात फिरवायचा. मशीनचा फटका चुकून चांगल्याला बसलेला असतो.

मुलीनं बोटाएवढी काचेची कुपी दाखवली. तळाला थेंबभर पाणी, दिसण्यासारखं काहीच नाही. कांचननं कुपी मुठीत धरली. मूठ गरम होईपर्यंत धरली.

"ताई, जाळायला न्यायचीय ती," मुलगी हळूच म्हणाली.

"हं," कांचन म्हणाली आणि मूठ उघडली.

गाल भरला. फार सुरेख भरला. पहिले तीन आठवडे सूज, मग दोन महिन्यांत असा बसला, की शेडमधल्या बाया म्हणाल्या, मुकादमीण बाई, दुसऱ्या लग्नाला उभ्या ऱ्हावा. कॅमेरा पहिल्या नजरेत फाटक उघडायला लागला. अजित जेवताना कुठल्याही बाजूला बसायला लागला. तो कुठल्या बाजूला बसतो हे बघायचं कांचन विसरून गेली.

ईराचा फोन नव्हता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. परीक्षा झाली एवढं कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. बावीस वर्षांत भारतीनं कांचनला कामाशिवाय फोन केला नव्हता. आता रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा.

"आला का गं?"

"न्हाई. तुमच्याकडं?"

"नाही."

एवढंच. मग दोघी थोडा वेळ तशाच फोन धरून बसायच्या.

सातव्या महिन्यात तपासणी होती. डॉक्टर मुजावरांनी गालातून सुईच्या टोकाएवढा तुकडा घेतला आणि चार दिवसांनी तिला बोलावलं.

"कांचनताई, त्या आल्या."

"कोण?"

"त्या मुलीच्या पेशी. नव्या गालात. शंभरात एक."

"गाळल्या हुत्या न्हवं?"

"वाटीतल्या गाळल्या. पण तुमच्या अंगात बाकी ठिकाणी होत्याच की. हाडाच्या मगजात असतील. तिथून रक्तातून चालत आल्या. मी पुढच्या दाराला चाळणी लावली, त्या मागच्या दारानं आल्या." डॉक्टर स्वतःशीच हसल्या, मग गंभीर झाल्या. "गाल उत्तम आहे. आत नव्या वाटा फुटल्यात, त्या वाटांच्या कडेनंच ह्या बसल्यात. माझं विचाराल तर काम करतायत. पण मला आता नोटीस पाठवावी लागेल."

"कुणाला?"

"तिला. मुद्दाम टोचायच्या असतील तर होकार लागतो. आपणहून आलेल्या सापडल्या, तर ज्याच्या आहेत त्याला कळवायचं आणि तीस दिवस हरकत घ्यायला द्यायचे. हरकत आली, तर सहा आठवडे औषध देऊन आम्हाला त्या मारून टाकाव्या लागतात. त्यांच्याबरोबर हा गाल टिकेल असं मी सांगू शकत नाही."

"आणि तिनं काहीच न्हाई केलं तर?"

"तर एकतिसाव्या दिवशी प्रकरण बंद. त्या राहतील."

नोटिशीची एक प्रत कांचनच्या फोनवर आली. खाली दोन बटणं होती, 'हरकत आहे' आणि 'हरकत नाही'. ती तिच्यासाठी नव्हती. तिच्याकडं ती राखाडी दिसत. बटणांखाली एक ओळ होती. पाठवली. पोचली. दुसऱ्या दिवशी तिथं आणखी एक शब्द आला, उघडली. आणि पुढं, किती वेळा उघडली त्याचा आकडा, एक.

"आता दाबंल ती," अजित म्हणाला. "फोन कर तिला. समजाव."

"तिच्या मुदतीत आपण बोलायचं न्हाई."

"अगं, गाल जाईल तुझा!"

"जाऊ द्या. आमचं तोंड बंद ठिवून तिचं वाटोळं केलंय. तिचं तोंड तरी तिला उघडू द्या. काय म्हणायचं ते म्हणू दे."

चौथ्या दिवशी आकडा तीन झाला. नवव्या दिवशी पाच. दोन्ही बटणं तशीच. रोज दुपारी भारती विचारायची, "किती?" कांचन आकडा सांगायची. बाराव्या दिवशी सहा, तेराव्या दिवशी एकदम नऊ. "काय करते गं ही नऊ-नऊ वेळा उघडून?" भारतीचा जीव टांगणीला. कांचनला काय सांगता येणार? पोरगी कुठं बसून ते वाचत असेल, गोठ्यात, खोलीवर, एसटीत, तिला कळत नव्हतं. अंगठा कुठल्या बटणावर धरून ठेवत असेल तेही. इतकी वर्षं ती काय खाते, कशाला हसते, कुणावर चिडते, हे दुरून ताडायची सवय होती. आता तर एक आकडाच उरला होता ताडायला.

विसाव्या दिवसापासून आकडा अकरावर थांबला. एकोणतिसाव्या दिवशी बारा. तिसाव्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी तेरा झाला. त्या दिवशी कांचननं पट्ट्यावर दोन चुका केल्या, खडा पुढं जाऊ दिला. रात्री ती फोन उशाला घेऊन निजली नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

एकतिसाव्या दिवशी सकाळी बटणं दिसेनाशी झाली होती. त्यांच्या जागी एक ओळ होती. मुदतीत हरकत आली नाही, प्रकरण बंद.

अजित म्हणाला, "बघ! केलं तिनं मान्य."

"मान्य न्हाई केलं," कांचन म्हणाली. "न्हाई म्हणायला तीस दिवस हुते, तेवढ्यात ती न्हाई म्हणली न्हाई."

"तेच की."

"त्येच न्हाई ते."

ती कामावर गेली. नवा माल आला होता, सोनेरी, लांब दाण्याचा. दुपारी पट्टा थांबला, बाया डबे सोडायला लागल्या, कांचन क्रेटवर बसली आणि सवयीनं तिनं ती नोटीस पुन्हा काढली. आता तिच्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हो म्हणायची जागा गेली, नाही म्हणायचीही गेली. आता ती उघडली काय, न उघडली काय, कुणाचं काही घडणार नव्हतं, बिघडणार नव्हतं.

खालचा आकडा चौदा होता. शेवटचं उघडलं, आज, दुपारी बारा चाळीस.

फोन वाजला. भारती होती.

"आला का गं फोन?"

"न्हाई, वन्सं," कांचन म्हणाली. ती घोटभर पाणी प्याली. "पण आजबी उघडलंय तिनं."